पगारे सरांचे तीन टॅटू

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट पहिल्यांदा बंद पडली तेव्हा आत आम्ही तिघं होतो. मी, दुसऱ्या मजल्यावरच्या वाघबाई आणि माझे शेजारी पगारे सर. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, दिवा गेला आणि वाघबाई स्वतःचं आडनाव विसरून रडायला लागल्या. मी मोबाइलच्या उजेडात घंटेचं बटण शोधत होते. तेवढ्यात अंधारातून अगदी शांत आवाज आला.

"'लिफ्ट' हा शब्द मूळ कुठल्या गावचा, माहीत आहे?"

"सर, आधी बाहेर निघू या ना," मी म्हटलं.

"वॉचमन येईपर्यंत आपल्याला दुसरं काम काय आहे? तर हा शब्द इंग्रजांचा नाहीच. पार उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी तो इंग्लंडात आणला. त्याचं नातं त्यांच्या हवेच्या शब्दाशी आहे. उचलून हवेत धरायचं, ती लिफ्ट. म्हणजे बघा, आपण आत्ता अगदी मूळ अर्थाने लिफ्टमध्ये आहोत."

हे ऐकून वाघबाईंनी जो आवाज काढला, त्यानेच वॉचमन धावत आला. दार उघडलं तेव्हा सर दर्यावर्दी लोकांच्या होड्यांपर्यंत पोचले होते. बाहेर पडता पडता त्यांनी वॉचमनला विचारलं, "'वॉचमन'चं मूळ गाव सांगू का?"

"नको सर," तो म्हणाला. "मी दिंडोरीचा."

यशवंत पगारे सर हे असे. नाशिक रोडच्या एका हायस्कूलमध्ये त्यांनी सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर जेल रोडला आमच्या समोरचा फ्लॅट घेतला. अंगाने किरकोळ, भर मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. एक निळं, लिहायला. दुसरं लाल, दुसऱ्यांनी लिहिलेलं सुधारायला. सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींनी 'उद्या पाणि येणार नाहि' असा कागद लावला की तासाभरात त्या दोन्ही वेलांट्या लाल शाईने दीर्घ झालेल्या असायच्या. सेक्रेटरी चिडायचे. "सर, पाणी येणार नाही हे लोकांना कळलं ना?" असं एकदा म्हणाले. सर म्हणाले, "कळलं. पण ऱ्हस्व पाणी न आल्याचं कुणाला दुःख होणार?"

एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती सांगताना सर 'व्युत्पत्ती' हा शब्द वापरत नसत. 'मूळ गाव' म्हणत. प्रत्येक शब्दाला मूळ गाव असतं, तो तिथून निघतो, रस्त्यात चार ठिकाणी मुक्काम करतो आणि मग आपल्या तोंडात येऊन राहतो, असं त्यांचं म्हणणं. भाजीवाल्याला ते विचारायचे, "बटाटा कुठला?"

"मंचरचा."

"नाही. पोर्तुगीजांचा."

"नाय सर, मंचरचाच हाय. पाहिजे तर गोणी दाखवतो."

साबण, चावी, बालदी, सगळं पोर्तुगीजांनी दिलं हे ऐकून ऐकून आमच्या कॉलनीला पाठ झालं होतं. पगार हा शब्दसुद्धा पोर्तुगीजच, असं एकदा त्यांनी सांगितलं, तेव्हा कुणीतरी खोचकपणे विचारलं, "म्हणजे पगारेही?" सर मनापासून हसले. "शब्द तिकडचा. पगारे मात्र अस्सल नाशिक जिल्ह्यातले. पगार मिळायच्या आधीपासूनचे."

त्यांच्या या नादावर घरातला एकमेव उतारा म्हणजे शांताकाकू. काकू चांदवडकडच्या एका खेड्यातल्या. सगळं लहानपण कांद्याच्या शेतात गेलेलं. इतकी वर्षं नाशिक रोडला काढूनही बोलणं तिकडचंच राहिलं होतं. मोठ्या हाडाच्या, सावळ्या, ठसठशीत कुंकवासारखं ठसठशीत बोलणाऱ्या. नवऱ्याचं नाव त्या कधी घेत नसत. 'आमचे सर' म्हणायच्या.

"आमचे सर जेवायला बसले का पहिल्यांदी भाकरीचं गाव सांगतेत," त्या मला सांगायच्या. "तवर भाकर गार. मंग म्हणतेत, गार का वाढली."

संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून आम्ही चारदोन घरं बसत असू. आता त्या खुर्च्या गेल्या, तिथे गाड्या उभ्या असतात. पण तेव्हाच्या त्या संध्याकाळी आठवल्या की अजून बरं वाटतं. कुणाच्या घरची भजी, कुणाच्या घरचा चहा, आणि मधूनच देवळालीकडून तोफांच्या सरावाचा धडाम आवाज. खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. काकू म्हणायच्या, "वाजल्या." आणि सर लगेच पुढे सरसावायचे.

"या देवळालीने इंग्रजीला एक शब्द दिलाय. गोऱ्या सैनिकांची इथे छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने इथे पडून राहायचं. ऊन, ताप आणि रिकामपण. त्यात काहींची डोकी फिरायची. तेव्हापासून इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात. म्हणजे आपली देवळाली. आपल्या जिल्ह्याचं नाव इंग्रजी कोशात आहे."

"वेड्याच्या नावाने," वाघबाई म्हणाल्या.

"असेना. आहे ना?"

काकू कडेला लसूण सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "छावणी गेली, पर एक जण ऱ्हायला हिकडंच."

आम्ही सगळे हसलो. सरांना राग आला नाही. काकू काही बोलल्या की त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव यायचा, की वर्गातल्या आवडत्या विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिलंय.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, की हा नाद कुठून लागला. इंग्रजी तर पुष्कळ लोक शिकवतात. सर म्हणाले, "मी शाळेत होतो तेव्हा जो भेटेल तो मला विचारायचा. आडनाव काय, गाव कोणतं, कुणातला. माझं उत्तर ऐकलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा. काहींचा थोडा, काहींचा बराच. पुढे मास्तर झालो. म्हटलं आता प्रश्न आपण विचारायचे. पण माणसाला नाही विचारायचे. शब्दाला विचारले तर त्याला वाईट वाटत नाही. उलट शब्द जितका लांबून आलेला, जितका भेसळीचा, तितका तो मला आवडतो. बघा ना, चावी पोर्तुगीज आहे म्हणून कुणी तिला घराबाहेर ठेवत नाही."

एवढं बोलून ते उठले आणि फळ्यावरची एक वेलांटी दुरुस्त करून आले. हा विषय त्यांनी माझ्याशी परत काढला नाही.

आता मुख्य हकिगत. माझी मुलगी सायली कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. एके दिवशी ती घरी आली ती डाव्या मनगटावर पातळ प्लास्टिक गुंडाळून. मी विचारलं, काय लागलं? तर म्हणाली, लागलं नाही, टॅटू काढलाय. एक छोटासा उडणारा पक्षी. मी तो पक्षी बघितला आणि माझा आवाज चढला. न विचारता कसा काढलास, नोकरीच्या मुलाखतीला काय करशील, लग्नाच्या वेळी काय सांगायचं, आणि मुख्य म्हणजे हे आता जन्मभर जाणार नाही, कळतंय का. सायली म्हणाली, जाऊ नये म्हणूनच काढलाय. त्यावर मी आणखी चढले. दार उघडं होतं.

दारात पगारे सर उभे. हातात रिकामी वाटी. विरजण मागायला आले होते.

"कोणता टॅटू?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, माझी बाजू घ्यायला कुणीतरी मोठं माणूस आलं. म्हटलं, "बघा ना सर, या मुलीने हातावर पक्षी काढून आणलाय."

"ते दिसलं. पण टॅटू कोणता? इंग्रजीत तीन आहेत."

ते आत येऊन सोफ्यावर बसले. वाटी टीपॉयवर ठेवली. सायली डोळे पुसत होती, ती थांबली. माझं ओरडणं संपलं नव्हतं, पण सरांच्या पुढे ओरडता येत नाही. त्यांचा आवाज वर्गातला असतो.

"पहिला टॅटू पलटणीतला," सर म्हणाले. "हा हॉलंडचा. तिकडे संध्याकाळ झाली की ढोल वाजवत शिपायांना सांगायचे, दारूच्या पिंपाचे नळ बंद करा आणि छावणीत परत या. नळ बंद, त्याला ते लोक 'टॅप टू' असं काहीतरी म्हणत. त्याचा झाला टॅटू. आजही पलटणीचा बँड वाजतो त्या समारंभाला टॅटू म्हणतात. दुसरा टॅटू आपल्याकडून गेला. आपलं तट्टू. लहान चणीचं घोडं. इंग्रज इथे आले, त्याच्यावर बसले आणि शब्द घेऊन गेले. त्याचंही स्पेलिंग त्यांनी तेच केलं. आणि तिसरा हा." त्यांनी सायलीच्या मनगटाकडे बोट केलं. "हा सगळ्यात लांबून आलेला. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचा. तिथले लोक हाडाची दातेरी फणी अंगावर ठेवून वरून ठोकायचे आणि त्यातून रंग आत जायचा. त्याला ते म्हणायचे 'ततौ'. इंग्रज खलाशी त्या बेटांवर उतरले. परत निघाले ते अंगावर चित्र आणि तोंडात शब्द घेऊन. तेव्हा सायली, तुझ्या हातावर आहे तो तट्टू नाही आणि दारूचा नळही नाही. आईला हे नीट समजावून सांग."

सायलीला हसू फुटलं. मला आलं नाही, पण राग कुठे ठेवला होता ते मला सापडेना.

तेवढ्यात विरजण का येत नाही म्हणून काकू बघायला आल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी सायलीचा हात उचलला, प्लास्टिकखालचा पक्षी बघितला आणि विचारलं, "दुखलं का गं लय?"

एवढ्या वेळात हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. सायलीने मान हलवली. मग ती काकूंना चिकटून बसली.

"आमच्या टायमाला मशीन नव्हतं," काकू म्हणाल्या. "गोंदणारी बाई यायची. सुया एकत्र बांधायची, काजळीत बुडवायची, आन् टोचायची. आपण रडू नये म्हणून गाणं म्हणायची. आपण रडायचो, ती गायची." त्यांनी हातावरची बाही थोडी वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत हिरवट निळे ठिपके, फुली, एक वेल, आणि त्याखाली पसरट झालेली काही अक्षरं. "हे आमच्या सरांचं नाव. आता समदं पसरलं. कातडी ढिली झाली का अक्षरं बी ढिली होतेत."

"काकू, 'गोंदण' शब्द कुठला?" सायलीने विचारलं. हा प्रश्न खरं तर सरांना होता.

"टोचण्यावरून आला असावा," सर म्हणाले. "हिंदीत गोदना म्हणजे टोचणं. पण त्याच्या मागचं मला अजून सापडलेलं नाही."

"सापडायचं काय त्याच्यात," काकू म्हणाल्या. "दुखतंय तिथून निघाला आसंल. चला, दूध कोमट हाय तवर विरजण लावू द्या."

त्या दिवसापासून सायली त्या घरची झाली. काकू तिला ठेचा शिकवायच्या, ती काकूंना मोबाइलवरून फोटो पाठवायला शिकवायची. सर तिच्या इंग्रजी अर्जातल्या चुका काढायचे. पक्ष्याबद्दल मी पुढे काही बोलले नाही.

मागच्या थंडीत काकू आजारी पडल्या. आधी साधा खोकला वाटला. मग श्वास लागायला लागला आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. सर दिवसभर त्यांच्या उशाशी बसून असायचे. मी डबा घेऊन जायचे. एकदा सलाईनची सुई बदलायला नर्स आली. एका हाताला सूज आली होती म्हणून तिने दुसरा, गोंदणाचा हात धरला. सर उठून उभे राहिले. "या हाताला नको," म्हणाले. नर्स म्हणाली, काका, शीर इथेच चांगली सापडते. सर पुन्हा म्हणाले, "बघा ना, दुसरीकडे कुठे होत असेल तर." त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेली विनंती होती. नर्सला काय वाटलं कोण जाणे, तिने शेवटी सुजलेल्या हाताच्या पंजावर शीर शोधली. मला वाटलं, त्या हाताला काही दुखणं असेल.

काकू परत आल्या नाहीत.

सगळे विधी, बुद्धवंदना, नातेवाईक, सगळं झालं. त्यांचा मुलगा बंगळूरला असतो. तो वडिलांना घेऊन जायला तयार होता. सर म्हणाले, नंतर बघू. मुलगा गेला. समोरच्या दारामागे शांतता झाली.

सरांनी शब्दांची गावं विचारणं बंद केलं. फळ्यावर सेक्रेटरींनी मुद्दाम 'सभासदांनि' लिहिलं. आठवडाभर ते तसंच राहिलं. शेवटी सेक्रेटरींनी स्वतःच ती वेलांटी सुधारली आणि मला येऊन म्हणाले, "ताई, सरांकडे जरा लक्ष ठेवा." भाजीवाल्याने एकदा आपण होऊन विचारलं, "सर, टमाटा कुठला?" सर म्हणाले, "अर्धा किलो द्या."

आणि मग एका रविवारी दुपारी त्यांनी आमची बेल वाजवली. शर्ट इस्त्रीचा, केस विंचरलेले.

"सायली आहे का? तिने तो पक्षी जिथे काढला ते दुकान मला बघायचं होतं."

मला वाटलं, शब्दांचं वेड परत आलं, टॅटूवाल्याला त्याच्या धंद्याचं मूळ गाव सांगायचं असेल. मला आनंद झाला. आम्ही तिघं रिक्षाने निघालो. द्वारका चौकातल्या गर्दीत रिक्षा बराच वेळ उभी होती. सर गुडघ्यावर हात ठेवून बसले होते.

कॉलेज रोडला एका सँडविचच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर ते ठिकाण होतं. भिंतीभर चित्रं. टॅटू काढणारी मुलगी, निकिता, सायलीच्या ओळखीची. तिच्या स्वतःच्या दोन्ही हातांवर कोरी जागा नव्हती. आम्ही गेलो तेव्हा ती आईशी फोनवर बोलत होती. "माय, आते काम शे," म्हणाली आणि फोन ठेवला. सरांनी नुसतं विचारलं, "सटाण्याच्या का?" ती हो म्हणाली. सरांनी मान हलवली. एरवी या एका अहिराणी 'शे'वर त्यांनी अर्धा तास घेतला असता.

"कुणाला काढायचाय?" निकिताने विचारलं.

"मला," सर म्हणाले.

सायलीने माझ्याकडे बघितलं. मी सरांकडे.

निकिताने गंभीरपणे चौकशी केली. साखर आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, कातडी आता नाजूक झालीय, बरं व्हायला वेळ लागेल. सरांनी सगळ्याची उत्तरं दिली. मग खिशातलं निळं पेन काढून एका कागदावर चार अक्षरं लिहिली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

'यंशवत.'

निकिताने वाचलं. "सर, तुमचं नाव यशवंत ना? अनुस्वार चुकून मागे पडलाय. मी नीट करून घेते."

"नाही," सर म्हणाले. "असंच पाहिजे."

"पण हे चुकीचं आहे, सर. टॅटू पुसता येत नाही."

"मला माहीत आहे ते चुकीचं आहे." सरांनी उजव्या हाताने डाव्या बाहीचं बटण काढायला सुरुवात केली. एका हाताने ते जमेना. सायलीने पुढे होऊन ते काढलं. "आमचं लग्न होऊन थोडे दिवस झाले होते. मी नाशिकला बी.एड. करत होतो, ती गावी. सुट्टीत घरी गेलो तर तिने हात पुढे केला. जत्रेत गोंदून घेतलं होतं. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून हातावर घेतलं. तिला तेव्हा वाचता येत नव्हतं. गोंदणारीलाही येत नसावं. टिंब एक घर सोडून भलतीकडे पडलं होतं. मला बघताक्षणी दिसलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?" सायलीने विचारलं.

"छान झालंय म्हटलं. तिच्या हाताची सूजसुद्धा उतरली नव्हती."

निकिता स्टूल ओढून बसली.

"पुढे आम्ही राहायचो तिथे मोठ्या माणसांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला," सर म्हणाले. "तिला मीच पाठवलं. ही माझी चूक. ती भराभर शिकली. एक दिवस भाजी चिरता चिरता हाताकडे बघत बसली आणि म्हणाली, अहो, शाळेतल्या पाटीवर तुमचं नाव निराळं हाय. मी म्हटलं, शाळेवाल्यांची चूक आहे. तुझं बरोबर आहे."

सायली हसली. मीही हसले. सरांच्याही तोंडावर जरा हसू आलं.

"तिने ते खरं धरलं. मी निवृत्त झालो तेव्हा शाळेत कार्यक्रम होता. व्यासपीठामागे मोठा फलक, 'यशवंत पगारे सर यांचा सत्कार'. ही सरळ मुख्याध्यापकांकडे गेली. म्हणाली, एवढी मोठी शाळा, आन् इतक्या वर्षांत आमच्या सरांचं नाव तुम्हाला नीट लिहिता आलं नाय. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. मी हळूच मान हलवली. भला माणूस. त्याने तिची माफी मागितली."

"म्हणजे काकूंना शेवटपर्यंत कळलं नाही?" मी विचारलं.

"ते मला कधी कळलं नाही," सर म्हणाले. "तिला सगळं कळायचं. आपल्याला कळलंय हे ती कळू द्यायची नाही."

खालून सँडविचवाल्याचा तव्यावर उलथणं आपटण्याचा आवाज येत होता.

"ते तिच्याबरोबर गेलं," सर म्हणाले. "दुसरीकडे कुठेही ते तसं लिहिलेलं नाही. मी शोधलं. आहेर आलेली भांडी आहेत, माझी प्रमाणपत्रं आहेत, सगळीकडे बरोबर आहे."

निकिताने कागद हातात घेतला. ते अक्षर तिने संगणकावर केलं नाही. सरांनी लिहिलं होतं तसंच, हाताने, थोडं मोठं करून काढलं आणि त्यांना दाखवलं. सर म्हणाले, शेवटचा 'त' जरा तिरका होता. तिने तो तिरका केला. मग तिने त्यांचा हात टेबलावर आडवा ठेवला, पुसला आणि विचारलं, "सर, कुठल्या बाजूने लिहू? तुम्हाला वाचता येईल असं, की समोरच्याला?"

सरांनी हाताकडे बघितलं. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"ती वाढायला बसायची तेव्हा मी समोर असायचो," ते म्हणाले. "तिचा हात ताटावर यायचा. मला ते सुलट दिसायचं. तिच्याकडून उलटं होतं. तसंच करा."

"म्हणजे समोरून वाचता यावं असं."

"हो."

"मग तुम्हाला ते उलटं दिसेल."

"चालेल," सर म्हणाले. "मला पाठ आहे."

निकिताने मशीन सुरू केलं. सर खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी हात एकदाही मागे घेतला नाही.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे वरण-भात आणि भाजी घेऊन गेले. टेबलावर एकच ताट होतं. वाढून मी निघाले, तसे ते म्हणाले, "घाई आहे का?"

मी म्हटलं, नाही.

त्यांनी डावी बाही सावकाश दुमडली, हात ताटाशेजारी टेबलावर ठेवला आणि पलीकडच्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "मग थोडा वेळ समोर बसता का?"